आवाजामागचा आवाज

कॉलेजच्या ग्रंथालयामागचा जिना उतरला की एक लांबट खोली लागते. तिला एकच खिडकी, तीही बाहेरच्या जमिनीला टेकलेली, त्यामुळे आत बसणाऱ्याला जगाचे नुसते पाय दिसतात. त्या खोलीत एक बाई एकवीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत होती. दोरा मेणावरून ओढायचा, छापील पानांचे फर्मे एकावर एक रचायचे, ते एकमेकांना शिवून जुजबंदी घालायची, पाठीला खळ लावायची आणि शिकंजा आवळून दिवसभर विसरून जायचं. घाई केली तर पुस्तकाची पाठ वाकडी होते, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पुस्तकांनीच शिकवलं. सगळं कॉलेज तिला बाइंडरबाई म्हणायचं, आणि तिला ते नाव आईबापांनी ठेवलेल्या नावाइतकंच आवडायचं.

एकुलती एक लेक चार वर्षांपूर्वी शिकायला म्हणून समुद्रापार गेली आणि तिथेच तिने लग्न केलं. जावई तिकडचा. त्याला स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. लग्नाच्या दिवशी फोनच्या पडद्यावर तो छातीवर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलला, आणि बाइंडरबाई नुसती मान डोलवत राहिली. त्या डोलवण्याची तिला नंतर फार लाज वाटली. जावयाशी दोन शब्द बोलता येऊ नयेत, म्हणजे आपण सासू कसल्या? दगडाच्या मूर्ती!

कॉलेजचा एक जुना नियम होता. नोकरवर्गापैकी कोणालाही दरसाल एक वर्ग फुकट. तो नियम आजवर कोणी वापरला नव्हता. बाईने स्पॅनिशच्या वर्गासाठी वापरला. पहिलं वर्ष ‘माझं घर मोठं आहे, घरात मांजर आहे’ इथपर्यंत जेमतेम गेलं. दुसऱ्या वर्षी ती मध्यम वर्गात जाऊन बसली. विशीतल्या पोरापोरींत पन्नाशीची एकटी. पुढच्या बाकावरची एक चुरचुरीत मुलगी म्हणाली, “मावशी, तुम्ही इथं असलात की आम्हाला कॉपी करायची लाज वाटते हो.”

“मग करू नका,” बाई म्हणाली. “आणि केलीत तर निदान माझ्या वहीतून करू नका. दोघी मिळून नापास होऊ.”

नवऱ्याला मात्र भारी अभिमान. तो जन्मभर बस चालवून घरी बसलेला. कोपऱ्यावरच्या न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. बाईने एकच अट घातली होती: लेकीला नाही सांगायचं. एक दिवस फोन करायचा आणि थेट जावयाशीच बोलायचं. दोघांनाही चकित करायचं.

मध्यम वर्गाचे मास्तर म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. तीस वर्षं जहाजांवर बिनतारी यंत्र सांभाळलेला माणूस, म्हणून पोरं त्यांना ‘बिनतारी’ म्हणायची. त्यांची शिकवायची रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. ते एक ध्वनिमुद्रण लावायचे, बाजारातलं नाहीतर फलाटावरचं, आणि म्हणायचे, “पुढचा आवाज सोडून द्या. तो सगळ्यांनाच ऐकू येतो. त्याच्या मागे कोण बोलतंय ते ऐका. सात वेळा ऐका. जहाजावर जवळचं केंद्र कोकलत असतं, पण बुडणारा माणूस नेहमी मागून बोलतो.”

पोरं कंटाळायची. बाईला ही रीत हातातल्या कामासारखी वाटली. पहिल्या वेळी नुसता गोंगाट. तिसऱ्या वेळी एखादा शब्द सुटा व्हायचा. सातव्या वेळी पूर्ण वाक्य हाती यायचं, जसं ओलं पान हळूच सोडवलं की न फाटता निघतं.

मग मास्तरांनी घरी करायला दिलं. प्रत्येकाने एक मिनिटाचं स्वतःचं ध्वनिमुद्रण आणायचं, मागे कोणीतरी स्पॅनिश बोलत असलेलं. कोणी खेळाचं समालोचन आणणार होतं, कोणी मालिकेतलं भांडण. बाईला शोधावं लागलं नाही. दर रविवारी लेकीचा आवाजातला निरोप फोनवर यायचा, आणि त्यात जावयाची गुणगुण मागे असायचीच. तिला नेहमी वाटायचं, घरात वावरता वावरता बोलत असेल, नवीन संसार आहे.

दुपारच्या सुट्टीत तिने शिकंजा आवळला, हेडफोन कानाला लावला, कागदाची चिठोरी पुढे घेतली आणि ऐकायला लागली.

लेकीचा आवाज हसरा होता. “आई, इकडे सगळं मजेत आहे. हवा छान पडलीय.” पुढचा आवाज सोडून द्यायचा. बाईने सोडून दिला. पाचव्या वेळी मागचा आवाज सुटा झाला. शांत होता तो. रागाचा नव्हता. एखादा माणूस दुसऱ्याला रस्ता सांगतो, तसा.

“हसून बोल,” तो म्हणत होता.

बाईने ते लिहिलं. पुढे लिहिलं, “हवेचं सांग.” मग, “हाताचं नाव काढायचं नाही.” मग, “पुढच्या वर्षी येईन म्हण.” आणि लगेच लेकीचा आवाज: “पुढच्या वर्षी नक्की येईन हं आई.” आणि शेवटी, “पुरे. बंद कर.”

खिडकीबाहेरून पाय जात होते. बाई चिठोरीकडे बघत राहिली. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली बाई मी, तिने स्वतःला बजावलं. दीड वर्षाचं शिक्षण, चुकलं असेल काहीतरी. तिने मागच्या रविवारचा निरोप लावला, त्याच्या मागचा लावला. फोनमध्ये चौदा निरोप होते. चौदाही निरोपांत तो होता. सहाव्यात तो म्हणत होता, “डाव्या हाताने धर फोन. दुखत असेल तर उजव्याने धर, पण रडू नकोस.” त्याच निरोपात लेक म्हणाली होती, “आई, तू शिवलेली वही रोज वापरते.”

त्या आठवड्यात बाईने मास्तरांना ध्वनिमुद्रण दिलं नाही. “जमलं नाही,” म्हणाली. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्याची पाळी घेतली.

घरीही ती बोलली नाही. नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला तीस वर्षं माहीत होतं. तिला एवढं कळत होतं की आपल्याजवळ एकच हत्यार आहे: आपल्याला कळतं, हे त्या माणसाला माहीत नाही. तो निर्धास्त बोलतोय, तोवर आपण ऐकू शकतो. आणि पुढे काय करायचं, हे ठरेपर्यंत हत्यार म्यानात ठेवायचं.

पण त्याच आठवड्यात लेकीचा महिन्यातून एकदा येणारा फोन आला तेव्हा ती भाजी निवडत होती, आणि फोन नवऱ्याने उचलून स्पीकरवर टाकला.

“अगं, तुला एक गंमत सांगू का?” तो म्हणाला. बाईने हातातलं ताट टाकलं, पण तोवर शब्द सुटला होता. “तुझी आई स्पॅनिश शिकतेय! दुसऱ्या वर्गात आहे! पहिल्या पाचात येते!”

पलीकडे लेकीचं हसू मध्येच तुटलं. मागून जावयाचा आवाज आला, तोच शांत आवाज, आणि बाईला तो लख्ख कळला. “काय म्हणाले ते?”

मग लेक त्याला त्याच्या भाषेत म्हणाली, “म्हणतायत, आईचे गुडघे दुखतात.”

बाईने निरोपांत ऐकलेलं काही चुकलेलं नव्हतं. पोरगी खोटं बोलली होती, आणि ते खोटं आईसाठी होतं. पण ‘स्पॅनिश’ हा शब्द कानावर पडला की आपल्या भाषेचं नाव निघालं, एवढं कुठल्याही स्पॅनिश बोलणाऱ्याला कळतं. फोन हातातून हातात गेल्याचा खरखराट झाला. मग तो माणूस अगदी आदबीने, सावकाश म्हणाला, “सासूबाई, तुम्हाला कळतं का माझं बोलणं?”

नवरा कौतुकाने बघत होता. बाईने ओले हात पदराला पुसले. मग फोन तोंडाशी धरला आणि पहिल्या वर्षाच्या पोरासारखं अडखळत, स्पॅनिशमध्ये म्हणाली, “माझं घर मोठं आहे. घरात मांजर आहे.”

तो हसला. मोकळं, छान हसला. “शाबास,” म्हणाला. फोन बंद झाला.

“एवढंच?” नवरा हिरमुसला. पहिल्या वर्षी घरभर घोकलेलं ते वाक्य त्यालाही पाठ झालं होतं. “दीड वर्षात एवढंच शिकवलं तुला? मांजर?”

“गप्प बसा हो,” बाई म्हणाली, आणि खाली सांडलेली भाजी गोळा करायला लागली.

पुढचे तीन रविवार निरोप आला नाही. चौथ्या रविवारी आला. त्यात मागे काहीच नव्हतं. ना भांड्याचा आवाज, ना रस्त्याचा, ना त्या माणसाचा. कपड्यांच्या कपाटात बसून बोलावं तसा लेकीचा आवाज होता. “आई, मी मजेत आहे. आता कामं वाढलीत, निरोप कमी येतील. काळजी करू नकोस.” सात वेळा ऐकूनही त्या निरोपात दुसरं कोणी सापडलं नाही. फोनवर हसणाऱ्याने तिच्या अडखळण्यावर विश्वास ठेवला नव्हता. बाईला चौदा निरोपांची भीती वाटली नव्हती एवढी या पंधराव्याची वाटली.

सोमवारी ती शिकंज्यातली पुस्तकं तशीच ठेवून भाषेच्या प्रयोगशाळेत गेली. मास्तर एकटेच तारा गुंडाळत होते. तिने चिठोऱ्या टेबलावर मांडल्या, एकाखाली एक. मास्तरांनी वाचल्या. सहावा निरोप त्यांनी स्वतः कानाला लावून ऐकला आणि हेडफोन काढून ठेवला.

“एक अक्षर चुकलेलं नाही तुमचं,” ते म्हणाले. “चुकलेलं असतं तर बरं झालं असतं.”

त्यांनी संगणकावर त्या गावच्या पोलिसांचा नंबर शोधून काढला. पत्ता बाईला पाठ होता. वह्यांच्या सहा पार्सलांवर तिने तो स्वतः लिहिला होता. इथे दुपारचे तीन वाजले होते, तिथे सकाळ होती.

“मी बोलतो,” मास्तर म्हणाले. “तुम्ही अडखळाल.”

“ते विचारतील, तुम्ही कोण. काय सांगाल मास्तर?”

मास्तरांनी फोन तिच्यापुढे सरकवला.

ती अडखळली. पहिल्यांदा उचलणाऱ्या पुरुषाला तिने दोनदा पुन्हा बोलायला लावलं. क्रियापदं इकडची तिकडे गेली. पण पत्ता बरोबर गेला, लेकीचं नाव बरोबर गेलं, आणि “मी तिची आई आहे” हे वाक्य तिने असं म्हटलं की पलीकडच्याने पुढचं विचारलंच नाही. माणसं पाठवतो, तिथून फोन करायला सांगतो, एवढं तो म्हणाला.

पाऊण तास गेला. पुढच्या तासाची पोरं दारात जमली. मास्तरांनी त्यांना हातानेच घालवून दिलं. चुरचुरीत मुलगी काहीतरी विनोद करणार होती, पण बाईचा चेहरा पाहून मागे झाली आणि तिने दार हळूच ओढून घेतलं.

फोन वाजला. पलीकडे पोलिसातली बाई होती. मागे जिन्याचा घुमणारा आवाज. “तुमच्या मुलीला भेटलो,” ती म्हणाली. “ती म्हणते, सगळं ठीक आहे. कुठलीही तक्रार नाही.”

“ती हे म्हणाली, तेव्हा शेजारी कोण होतं?”

“तिचा नवरा,” ती म्हणाली.

“मग एकटीला विचारा. तिला बाहेर आणा. फोन द्या तिला.”

पावलं, दार, कुजबुज. मग लेकीचा आवाज आला, मराठीत, आणि त्यात हसू नव्हतं. “आई, काय केलंस गं हे? कशाला पाठवलंस यांना?”

“बोल बाळ. सांग त्यांना.”

“हे दोघं आता जातील. पाच मिनिटांत जातील, आई. मग काय?” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “तो आत उभाय. त्याने चहा टाकलाय यांच्यासाठी.”

“फोन त्या बाईंना दे. लगेच दे.”

पोलीसबाई पुन्हा आली. तिच्या आवाजात आता निघायची घाई होती. “ती म्हणते ठीक आहे. आम्ही…”

“जाऊ नका,” बाइंडरबाई तिला स्पॅनिशमध्ये म्हणाली. मास्तरांनी नंतर सांगितलं, त्या वेळी तिच्या तोंडून एकही शब्द अडखळला नाही. “तिथून जाऊ नका. तिची डावी बाही वर करा. कोपरापर्यंत. माझ्यासाठी करा. मग जायचं तर जा.”

फोनमध्ये नुसता जिना घुमत राहिला. मग कापड सरकल्याचा आवाज आला.

पोलीसबाई आता तिच्याशी बोलत नव्हती. ती आपल्या जोडीदाराला हळू आवाजात सांगत होती, “खाली जा. आणखी माणसं बोलाव. हिला मी खाली नेते.” आणि तेवढ्यात वर कुठेतरी दार उघडलं, आणि तो शांत, आदबशीर आवाज जिन्यावरून उतरू लागला: “काय झालं बाई? चहा तयार आहे.”

“तिथेच थांबा,” पोलीसबाई म्हणाली.

पावलं थांबली नाहीत.

मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. बाइंडरबाईने फोन दोन्ही हातांनी कानाशी आवळून धरला, आणि आपली लेक त्या जिन्याच्या किती पायऱ्या उतरली ते ऐकत राहिली. एक. दोन. तीन. मोजताना तिचे ओठ हलत होते.