दारावरची बाई

निकासिया मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाल विकायची आणि तिच्या शेजारी मी मिरच्या. बाजारात आम्ही चाळीसेक बायका, आणि अडलं की सगळ्यांना चर्चमागच्या घळीत जावं लागायचं. तिथे डुकरं आमच्या आधीच हजर. शी! निकासियाचे गुडघे गेलेले, बसलं की उठता यायचं नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी ती पाण्याचा घोटही घेत नसे. एकदा भोवळ येऊन पातेल्यावरच कोसळली.

सहा वर्षं तिने नगराध्यक्षाच्या कचेरीचे उंबरे झिजवले. शेवटी बायकांचा संडास बांधला एकदाचा. पांढऱ्या भिंती, निळं दार आणि दाराला कुलूप! का, तर दारावर आपल्या भाषेत ‘बाई’ लिहायचं होतं आणि नेमकं काय लिहावं यावर समिती बसली होती. समितीत सात पुरुष. आम्ही डोंगरातले लोक म्हणतो सिवात. शहरातून आलेला मास्तर म्हणाला, जुन्या पोथ्यांत सिवात्ल आहे, तेच शुद्ध. त्लाश्कालाकडचा चिटणीस सोवात्लवर अडून बसला. निकासियाचंही माहेर तिकडचंच.

“अगं, तुझ्याकडचा शब्द जिंकतोय बघ,” मी म्हटलं.

“चुलीत घाल तो शब्द!” ती मला म्हणाली आणि थेट समितीच्या बैठकीत घुसून ओरडली, “कुत्री लिहा, डुकरीण लिहा, पण दार उघडा!”

“मावशी, हा अस्मितेचा प्रश्न आहे,” मास्तर म्हणाला. घळीतल्या घाणीपेक्षा मला त्या माणसाची जास्त किळस आली.

असे पाच महिने गेले. मग तिन्ही शब्द लिहिलेली फुलाफुलांची टाइल दारावर बसली, बँड आला, फीत कापली. नगराध्यक्ष डॉन फिदेन्सियोने फोटोसाठी निकासियाच्या खांद्यावर हात टाकला. “पहिला मान मावशींचा!”

त्या दिवशी ती मुद्दाम दोन मग आतोले, म्हणजे मक्याची पेज, पिऊन आली होती. आत गेली आणि लगेच बाहेर आली.

“आत नुसती फरशी आहे. भांडं कुठाय?”

“ते पुढच्या टप्प्यात, मावशी,” डॉन फिदेन्सियो म्हणाले. “आधी नाव महत्त्वाचं.”

टाळ्या वाजवणाऱ्या त्या सातही तोंडांवर थुंकावंसं वाटलं मला. निकासिया परत आत गेली आणि आतून कडी लावली. थोड्या वेळाने दाराखालून एक ओघळ आला आणि डॉन फिदेन्सियोच्या चकचकीत बुटांकडे निघाला. ते मागे सरकले. आम्ही बाकीच्या बायका दारापुढे रांगेत उभ्या राहिलो.