माश्या बांधणारी

लोक रिकामपणी माश्या मारतात, आमची बायको पगार घेऊन माश्या बांधते, असं तिचा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा. पण त्यात खोटं काही नव्हतं. परदेशातले हौशी लोक मासे धरताना गळाला खरं आमिष लावत नाहीत. पीस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावतात. तशा माश्यांच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं होती. अंगानं बारीक आणि काम त्याहून बारीक, म्हणून सगळ्या तिला बारीकताई म्हणत.

एका दुपारी कारखान्याच्या खिडकीच्या तावदानावर तिला एक राखी किडा दिसला. मानेशी तांबूस रेघ. जेवणाच्या सुट्टीत तिनं तशीच माशी बांधली. राखी पीस, मानेशी तांबड्या दोऱ्याचा एकच वेढा. जुन्या मालकांनी ती भिंगाखाली धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "आता सगळ्याजणी हीच बांधा." पुढे त्या एका माशीवर कारखाना चालला. जुने मालक गेले, मुलगा खुर्चीवर बसला, तरी माशी तीच.

मुलानं एक दिवस तिला बोलावून घेतलं. "ताई, आपल्या मोठ्या गिऱ्हाइकाचं परदेशात लॉज आहे, पार जंगलात, नदीकाठी. आठवडाभर पाहुण्यांसमोर बसून माश्या बांधायच्या. याल?"

तिला रात्रभर झोप आली नाही. नवरा म्हणाला, "मासा गळाला लागला म्हणायचा," आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी जाड स्वेटर घेऊन आला.

लॉजच्या दिवाणखान्यात खिडकीशी तिचं टेबल मांडलं होतं. रोज सकाळी पाहुणे छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवून नदीवर जात आणि ती एकटी मागे राहून बांधत बसे. "मी कधी जायचं नदीवर?" तिनं विचारलं. "बघू," बरोबर आलेले धाकटे मालक म्हणाले, "तुमच्या मापाची विजार नाही ना इथे." मग ती स्वयंपाकघरात जाऊन बसू लागली. तिथली स्वयंपाकीण लग्न होऊन वीस वर्षांपूर्वी इकडे आलेली, तिच्याच भाषेतली. बटाटे सोलता सोलता दोघींची गट्टी जमली.

तिसऱ्या दिवशी जेवताना मालक उभे राहिले. हातात तिनं बांधलेली माशी धरून इंग्रजीत लांबलचक बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातल्या टेबलावरून तिनं लाजून मान लववली.

"माझ्याबद्दल काय म्हणाले?" तिनं ताट घेऊन आत स्वयंपाकघरात बसत विचारलं.

स्वयंपाकीण एकच बशी पुसत राहिली. "तुमच्याबद्दल नाही, ताई. म्हणाले, लहानपणी वडिलांच्या कारखान्यात खिडकीशी बसलो होतो, एक किडा दिसला आणि ही माशी सुचली. डबीवर नावही त्यांचंच छापलंय."

"आणि मी?"

"तुमचा हात सफाईदार आहे म्हणाले."

"आयत्या बिळावर नागोबा," ती म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली.

सकाळी तिनं मालकांना गाठलं. "तो किडा मी बघितला होता."

मालक रागावले नाहीत. उलट समजुतीनं म्हणाले, "गिऱ्हाइकाला काहीतरी गोष्ट सांगावी लागते, ताई. मनावर घेऊ नका. तुम्हाला इथवर आणलं की नाही?"

"आणलंत," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं तांबडा वेढा घालणं बंद केलं. माझ्या वेढ्याशिवाय मासा येतोय कसा ते बघू, असं तिच्या मनात होतं. मालकांच्या ते लक्षातही आलं नाही.

सहाव्या दिवशी स्वयंपाकीण तिला मागच्या वाटेनं नदीवर घेऊन गेली. एक म्हातारा पाहुणा कमरभर पाण्यात उभा होता. त्याची दोरी एकदम ताणली गेली, आणि थोड्या वेळानं हातभर लांबीचा चकचकीत मासा त्याच्या जाळीत आला. माशाच्या ओठात अडकली होती तिनं कालच बांधलेली, बिनवेढ्याची माशी. म्हाताऱ्यानं हलक्या हातानं गळ काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"निसटला?"

"सोडला. इथे सगळे सोडूनच देतात."

"खात नाहीत?"

"नाही."

"मग धरतात कशाला?"

"मजा."

आपल्या माशीवर कुठल्या तरी घरी चार माणसं पोटभर जेवत असतील, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. ती काठावरच्या ओल्या दगडावर बसली. "चला, गारठा आहे," स्वयंपाकीण म्हणाली, तरी ती बराच वेळ उठली नाही.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. एरवी कशावरही थट्टा करणाऱ्या त्या माणसानं सरळच विचारलं,

"मग नोकरी सोडतेस?"

"आणि या वयात दुसरं काय करू?"

ती आणखी चार वर्षं बांधत राहिली. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा घरी बसली. नव्या बायकांना शिकवायला या, म्हणून मालकांनी दोनदा गाडी पाठवली. हात आता चालत नाहीत, असं तिनं कळवलं. हात चांगले चालत होते. शेजारणींच्या पोरांची बटणं ती नुसत्या चाचपण्यानं शिवून द्यायची, आणि टाका कुठे दिसायचा नाही.