आमच्याकडे उतरलेल्या मेयरबाई

बेसिंगस्टोकपासून वीस मिनिटांवर आमचं छोटंसं गाव आहे. फ्रान्समधल्या एका गावाशी त्याचं जुळ्या गावांचं नातं आहे. अधूनमधून तिकडची माणसं येतात, घरोघरी उतरतात आणि चार दिवसांनी परत जातात. मला याचा पत्ताही नव्हता. पण पुण्यात कॉलेजात असताना मी फ्रेंच शिकले होते, हे शेजारच्या बाईंना कुठूनतरी कळलं होतं. त्या दारात येऊन म्हणाल्या, "एक पाहुण्या आहेत, इंग्लिश जेमतेम येतं. तुमच्याकडे ठेवाल?"

पाहुण्या सत्तरीच्या होत्या. उंच, करडे केस, हातात घरच्या प्लम जॅमची बरणी. मी त्यांना निवृत्त शिक्षिका समजले, आणि ते चूकही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोहे खाता खाता कळलं, की त्या बरीच वर्षं त्यांच्या गावच्या मेयर होत्या आणि मग एक टर्म पॅरिसला खासदार. माझी दहा वर्षांची लेक इथेच जन्मलेली. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, ही आजी खासदार होता?"

"होती गं," मी म्हणाले.

त्या दुपारी आम्ही दोघी कालव्याच्या काठानं फिरायला गेलो. माझं फ्रेंच पार गंजलेलं, त्यामुळे त्या सावकाश बोलत होत्या. शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग मिळेना म्हणून त्या राजकारणात आल्या. पुढे मेयर झाल्या. तिकडे कायद्यानं लग्नं मेयरच लावतात, त्यामुळे ज्यांना बाराखडी शिकवली त्यांचीच लग्नं त्यांनी मेयरचा तिरंगी पट्टा घालून लावली. मग गावच्या हॉस्पिटलमधला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायचं घाटलं. तोच पट्टा घालून त्या हॉस्पिटलच्या दारात बसल्या, आणि मागे सगळं गाव. वॉर्ड वाचला. त्याच जोरावर त्या खासदार झाल्या. दोन्ही पदं ठेवता येत नाहीत, म्हणून मेयरची खुर्ची त्यांनी आपल्या सहकाऱ्याला दिली.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग आमचा पक्ष सरकारात आला. आरोग्याचं बिल आलं, छोटे वॉर्ड बंद करायचं. त्यात आमच्या वॉर्डचं नाव नव्हतं, पण तो त्यात बसत होता. पक्षानं सांगितलं, नंतर बघू. मी बिलाच्या बाजूनं हात वर केला."

वॉर्ड बंद झाला. गावात कुणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. बेकरीतल्या बाईंनी रोजच्यासारखा पाव दिला, फक्त 'बाँजूर' म्हणाल्या नाहीत. "तेव्हाच मला कळलं, मी पडणार," त्या म्हणाल्या. पुढच्या निवडणुकीत पडल्याच. घर विकून बहिणीकडे समुद्राकाठी जायचं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात एक तरुण बाई दारात आली. शहराकडे जाताना अॅम्ब्युलन्समध्येच तिचं बाळंतपण झालं होतं. बाळ कडेवर होतं. ती भांडायला आली नव्हती. "पॅरिसमध्ये कुणाला फोन करायचा ते तुम्हाला माहीत आहे. करा," एवढंच म्हणाली.

मेयरबाईंनी फोन केले. वॉर्ड परत आला नाही. पण दोन वर्षं पाठपुरावा केल्यावर आठवड्यातून दोन दिवस गावात दाई यायला लागली. नंतर त्या गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीत उमेदवारांच्या यादीत बराच खालचा क्रमांक घेऊन उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. आता त्या टेबलाच्या टोकाला बसतात आणि अध्यक्षस्थानी त्यांचाच जुना सहकारी असतो.

"अवघड जात नाही?"

"पहिलं वर्ष अवघड गेलं. आता तो चुकला की मला टोकावरून चांगलं दिसतं."

त्याच संध्याकाळी आमच्या टाउन कौन्सिलची मीटिंग होती. गावची लायब्ररी शनिवारी बंद ठेवायचा विषय होता. लोकांना तीन मिनिटं बोलता येतं, म्हणून मी एक कागद लिहून ठेवला होता, पण बोलायचं धाडस होत नव्हतं. नवरा म्हणालाही होता, "अगं, आत्ता कुठे आपलं व्हिसाचं संपलंय. कशाला त्या भानगडीत?" मी मेयरबाईंना किचनमध्ये तो कागद फ्रेंचमध्ये वाचून दाखवला. त्यांनी पेन मागितलं आणि पहिला परिच्छेद खोडला.

"यात तुम्ही चार वेळा माफी मागितली आहे. तुम्ही काय केलंय?"

मीटिंगमध्ये मी उरलेलं वाचलं. शनिवारी लायब्ररीत बसून गृहपाठ करणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं होतं, तिथे आल्यावर मात्र कागद बाजूला ठेवला आणि तोंडानंच सांगितलं. मेयरबाई मागच्या रांगेत होत्या. त्यांना त्यातलं निम्मंही कळलं नसेल, पण माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. शेवटी शनिवारची सकाळ वाचली, पण व्हॉलंटियर्सच्या भरवशावर. त्यात अर्थातच माझं नाव पहिलं होतं.

पुढच्या निवडणुकीला शेजारच्या बाईंनी मला उभं केलं. मी पडले. फ्रान्सला फोन करून सांगितलं, तर पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अहो, पहिल्यांदा मीही पडले होते. सांगायचं राहून गेलं."

एका कौन्सिलरनं गाव सोडलं, तेव्हा त्या जागेसाठी मी पुन्हा अर्ज भरला. या वेळी समोर कुणी उभंच राहिलं नाही, त्यामुळे मत न पडताच मी निवडून आले. पहिल्या मीटिंगला नवरा आणि लेक मागे येऊन बसले. पाऊण तास नदीकाठच्या एका बाकावर चर्चा झाली, तो दुरुस्त करायचा की नवा आणायचा. मी दुरुस्तीच्या बाजूनं बोलले. ठराव पास झाला.