सळईकाकांचे शनिवार

सळईकाका कोणाकडे जेवायला गेले तरी पान वाढायच्या आत विचारायचे, "तुमच्या घराखाली वाळू किती खोल आहे?" एनस्खेडे या डच गावातली आम्ही मराठी मंडळी या प्रश्नाला विटलो होतो. मी सर्वांत जास्त, कारण मी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होते.

दर शनिवारी सकाळी ते सायकल घेऊन दाराशी हजर. समोरून वारा असो, पाऊस असो, तासभर पेडल मारत आम्ही पीटच्या दलदलीत जायचो. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ. पाय टाकला की जमीन गादीसारखी हलते. तिच्यात रोवलेल्या नळीत टेप सोडायची आणि पाणी किती खाली आहे ते लिहायचं. खरं तर हे काम नळीतलं यंत्र आपोआप करत होतं. "यंत्राला कुठे गुडघे आहेत?" असं म्हणून काका मला चिखलात बसवायचे.

नळीशेजारी एक लोखंडी सळई होती, पीट भेदून थेट खालच्या वाळूत ठोकलेली. तिच्यावरच्या खुणेपासून नळीचं तोंड किती वर-खाली झालं, तेही मोजायचं, तीनदा. मला हा निव्वळ छळ वाटे. एका उन्हाळ्यात काका पुण्याला गेले, तेव्हा मी सळईला हातही लावला नाही. नळीतलं पाणी जिथल्या तिथे होतं. 'पाणी स्थिर' असं लिहून मी प्रबंधाचं ते प्रकरण त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी सही केली नाही. "सळई?" एवढंच विचारलं. शनिवारी मोजली, तर नळी चार बोटं खाली गेलेली. शेजारच्या शेताचा चर खोल केला होता. त्यामुळे वाळूतलं पाणी उतरलं, त्यामागे पीटमधलं, आणि जमीन नळीला घेऊन खाली बसली. सगळंच एकत्र उतरल्यावर नळीत फरक दिसणार कसा? "पाणी खालून सुटतं गं, आणि आपण पावसाला दोष देतो," काका म्हणाले. प्रकरण नव्याने लिहिण्यात माझं वर्ष गेलं. पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, याचा मला जास्त राग आला.

मला तिथेच नोकरी लागली आणि काका निवृत्त होऊन पुण्याला गेले. फोनवर 'कशी आहेस' वगैरे नाहीच, थेट "सळई मोजलीस?" गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी मी वैतागून म्हटलं, "हो काका, तीनदा." मी घरी रजईत होते. "शाबास," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चार दिवसांनी ते गेल्याचं कळलं.

पुढच्या शनिवारी मी चिखलात बसून तीनदा मोजलं. आधीच्या शनिवारचा रकाना मात्र वहीत कोराच आहे. त्या एका शाबासकीपायी आता माझा एकही शनिवार माझा राहिलेला नाही.