ताटातलं नाव

कॅनडातल्या ओकव्हिलच्या लायब्ररीत आमचा मराठी बायकांचा गट महिन्यातून एकदा जमतो आणि दर वेळी एकीनं भाषण करायचं असतं. माझी पाळी आली तेव्हा मी परक्या राजघराण्यांत दिलेल्या युरोपातल्या राजकन्यांचा विषय घेतला. नागपूरच्या शाळेत मी शिकवलेला इतिहास इथे पंचवीस वर्षं कुणी विचारला नव्हता. तो सगळा मी त्या बायकांवर ओतला.

सीमेवर त्या पोरींच्या अंगावरचे माहेरचे कपडे, अगदी पायमोज्यांसकट, उतरवायचे. लाडकं कुत्रं परत पाठवायचं. धर्म बदलायचा, नावही नवं. आईला पत्र लिहिलं तर ते आधी सासू वाचणार. "असल्या सासवांना भर उन्हात उभं करायला हवं होतं!" मी टेबलावर हात आपटून सांगितलं. दोघीतिघींनी डोळे पुसले. हे मागे बसले होते, कारण गाडी तेच चालवतात.

दोन महिन्यांनी मुलाचं लग्न झालं. मुलगी मॉन्ट्रियलची, फ्रेंच. स्वभावानं गोड, पण तिच्या नावातला र घशाच्या तळातून काढावा लागतो. मी काढला की ती धावत जाऊन पाणी आणायची. तेव्हा लग्नाआधीच मी ठरवलं, आपल्यात रीत आहेच की. सून घरात आली की ताटातल्या तांदळात नवरा अंगठीनं तिचं नवं नाव लिहितो. सात आठवडे डोकं खाजवून मी एक सुरेख नाव काढलं. कुणाला विचारलं नाही. माझ्या सासूबाईंनी तरी कुठे विचारलं होतं?

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ओटावाजवळ कनाटाला मुलाच्या घरी, दुपारी, मी बासमतीचं ताट मांडलं आणि नाव जाहीर केलं.

"आई, प्लीज! आधी टेक्स्ट तरी करायचंस. ती नाव चेंज नाही करणार."

"पाच मिनिटांची रीत आहे. मुकाट्यानं लिही."

"लिहिलं की तू तिला तेच म्हणणार. मी ओळखतो तुला."

सून ताटाकडे बघत उभी होती. मी आणखी दोन शब्द सुनावणार, तेवढ्यात हे खिडकीपाशी जाऊन म्हणाले, "सासवांना उन्हात उभं करायचं ठरलं होतं ना? बाहेर उणे बारा आहे, पण ऊन पडलंय."

मुलगा फिस्सकन हसला. मला ह्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझी लाज वाटली.

आमचं सगळं बोलणं मुलानं सुनेला इंग्रजीत सांगितलं. ती हसली नाही. तिनं मला विचारलं, "आई, तुमचंही नाव असंच बदललं होतं? आधीचं काय होतं?"

मुलानं चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊकच नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे छताकडे बघून आठवायला लागले. अडतीस वर्षांचा संसार! शेवटी मीच सांगितलं. दोन अक्षरी, साधं नाव.

सुनेनं नवऱ्याच्या हातातली अंगठी घेतली आणि ते नाव तांदळात इंग्रजी अक्षरांत लिहिलं. मग जमेल तसं, पार वाट लावत, तिनं ते मोठ्यानं म्हटलं.

आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. मी ओ दिली.