उपाशी गोधडी

मावशी गेल्याची बातमी नातेवाइकांच्या आधी ठाण्याच्या त्या वस्त्रकला संस्थेच्या ग्रुपवर पोचली. ‘पारंपरिक वस्त्रकलेचा दीपस्तंभ मालवला.’ कल्याणला मी अजून तिच्या उशाशी बसले होते, आणि तिकडे ठाण्यात दीपस्तंभ मालवूनही झाला होता. दीड महिना झाला, तरी ते वाक्य आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

सुशीलामावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, जन्मभर गोधड्या शिवायची आणि शिकवायची. शिकवायची म्हणजे काय, तर फरशीवर जुन्या साड्यांचे थर अंथरायचे, शेजारणींना चारी बाजूंना बसवायचं आणि कडेकडून टाके घालत आत सरकायचं. पुढे संस्थेने तिला कार्यशाळेला बोलावलं. बायका दुकानातून नवंकोरं कापड घेऊन आल्या. मावशी म्हणाली, “हे अजून कुणी नेसलंच नाही, ह्याला ऊब कुठून यायची?” तरी शिकवलं तिने. वर त्यांच्या संग्रहासाठी दोन महिने खपून एक गोधडीही शिवली. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी रीतीप्रमाणे आत पोळीचा तुकडा ठेवला. गोधडी उपाशी ठेवू नये, नाहीतर पांघरणारा उपाशी राहतो, असं ती मानायची.

गोधडी द्यायला आम्ही दोघी ठाण्याला गेलो, तेव्हा आयोजक बाई हसल्या. “मावशी, ही काचेत राहणार. पोळीने मुंग्या लागतील ना.” तिथेच, तिच्यासमोर, कोपरा उसवून तुकडा काढला गेला आणि कोपरा पुन्हा शिवला गेला. परतताना शीळफाट्याशी मावशी म्हणाली, “जेवणाऱ्याला ताटावरून कुणी उठवतं का गं?”

त्यानंतर तिचा एकच धोशा. “एकदा घरी आण ना तिला, मी कोपरा नीट करून देते.” मी दोनदा फोन केला. वस्तू संग्रहात गेली आहे, म्हणाले. मीही मग सोडून दिलं… शेवटच्या आठवड्यातसुद्धा विचारत होती.

आणि गेल्या सोमवारी त्याच बाईंचा फोन. “ताई, ती पोळीची परंपरा किती सुंदर आहे. फलकावर लिहायचीय. दोन ओळी द्याल?”

“लिहा, घातली होती, ती काढली.”

“तसं नको हो, जरा पॉझिटिव्ह लिहू या.”

मी फोन ठेवून दिला. दोन ओळी त्यांनी कुठून तरी मिळवल्याच.

काल जाऊन पाहिलं. काचेमागे मावशीची गोधडी, दाण्यासारखे एकसारखे टाके. एका कोपऱ्यात मात्र पाच-सहा टाके लांबडे, वाकडे. कॉलेजातली एक मुलगी वाकून बघत होती. “इथे आजींचा हात चुकला वाटतं.”

“आजींचा नाही,” मी म्हटलं. “त्या उसवायला तयार नव्हत्या. कात्री मी घेतली होती. ते टाके माझे आहेत.”