मामांच्या मोटारीतलं घड्याळ

माझ्या बायकोच्या मामांइतका वेळेचा मान राखणारा आणि वेळेशी इतकं कमी पटणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. धारूरला त्यांचं घर, थोडी शेती, आणि गोठ्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांच्या वेळची काळी मोटार. आमच्याकडे माणसाची किंमत मोटारीवरून ठरते. पुढारी पांढऱ्या गाड्यांची रांग घेऊन लग्नाला निघतो आणि अख्खी रांगच उशिरा पोचते. मामांकडे एकच गाडी, पण थाट रांगेचा. निघण्यापूर्वी ते धोतराच्या सोग्याने काच पुसणार, चाकांवर तांब्याभर पाणी शिंपडणार, मग स्टिअरिंगशेजारच्या वाटीएवढ्या गोल घड्याळात बघून "झाली येळ" असं जाहीर करणार. हे घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं, तरी बघण्यात खंड नव्हता. मनगटी घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. मोबाइलमधल्या वेळेचं नाव काढलं तर म्हणत, "ती हवेतून येती. तिचा मालक कोण?"

त्यांचा दुसरा नेम याहून कडक. संध्याकाळी सहाला बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं की मोटारीचं बॉनेट उघडून बॅटरीची तार सोडायची, आणि सकाळी सहाला पुन्हा जोडायची. मी एकदा कारण विचारलं. मामा माझ्याकडे कसायाकडे बघावं तसे बघत म्हणाले, "बैल रातभर जुवाखाली ठिवतो का आपण? मग हिलाच कावून ठिवायचं? मुकं जनावर हाय, जावईबापू." धारूरच्या घाटात तिचा हॉर्न ऐकलेला माणूस तिला मुकं म्हणणार नाही. पण सासुरवाडीत मी पुराव्यावर बोलत नाही.

या मोटारीत मामी मात्र बसत नसत. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न सिरसाळ्याला होतं. घड्याळ तेव्हा चालू होतं, आणि मामा त्याच्याकडे बघत इतक्या रुबाबात निघाले, की मांडवात शिरले तेव्हा दुसरी पंगत उठत होती. सूर्य डोक्यावर आलेला त्यांना वाटेत दिसला होता, पण सूर्यापेक्षा त्यांचा भरवसा मोटारीवर जास्त. बहिणीवर मामींच्या हातच्या अक्षता काही पडल्या नाहीत. परतताना मामींनी एसटी धरली ती कायमचीच. माहेर, बाजार, दवाखाना, सगळं एसटीने. पुढची सीट तेव्हापासून रिकामी. मी भाचजावई, पण मलाही मागेच बसावं लागे.

अलीकडे त्याच बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, पुन्हा सिरसाळ्यालाच, आणि मामांच्या अंगात वारं शिरलं. मामींना या खेपेला पुढच्या सीटवर बसवून न्यायचं, त्याआधी घड्याळ चालू करायचं. मला तातडीने बोलावणं आलं. घड्याळ काढून टॉवेलात गुंडाळलं होतं आणि बीडला आम्ही एसटीने निघालो, कारण डोळा काढलेल्या गाडीला रस्त्यावर न्यायचं नाही असं ठरलं होतं. मामांनी ते मांडीवर बाळंतिणीच्या बाळासारखं धरलं होतं. नेकनूर येईपर्यंत आजूबाजूच्या चार बायकांनी मुलगा की मुलगी ते विचारून घेतलं.

बीडच्या घड्याळवाल्याने झाकण उघडलं आणि आतलं जळून गेल्याचं सांगितलं. क्वार्ट्झ मशीन बसवू, तबकडी तीच, काटे तेच, पूर्वीसारखंच मोटारीच्या बॅटरीच्या तारेवर चालेल, म्हणाला. काटे जुनेच राहतील ना, हे मामांनी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मामा, कापडं तीच, माणूस नवा." जुन्या मशीनचा सांगाडा रुमालात बांधून घेतल्याशिवाय मामा उठले नाहीत.

धारूरला घड्याळ जागेवर बसलं, तार जोडली आणि सेकंदकाटा टुणटुण उड्या मारू लागला. मामांनी खरोखरच टाळ्या वाजवल्या. गल्ली लोटली. एकेकाला आत बसवून काटा दाखवण्यात आठ कधी वाजले कळलं नाही, आणि मामांच्या आयुष्यात प्रथमच तार दोन तास उशिरा सुटली. सकाळी सहाला त्यांनी ती जोडली, तर घड्याळात आठ. मामांचा आवाज गोठ्यापलीकडे गेला. नवा माणूस उतावळा आहे, एका रात्रीत दोन तास पुढं पळतो, आत्ताच्या आत्ता बीडला चला.

मामी ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "अवो, आठला तार काढली. मग आठलाच झोपलं की ते. तुमी उठवलं तवा उठलं."

मामा उभ्या उभ्या हिशेब करू लागले. रोज सहाला झोपवलेलं घड्याळ सहाला उठे, म्हणून जुन्या काळी ते बरोबर भासे. आणि सिरसाळ्याच्या त्या पहिल्या लग्नाच्या आदल्या दिवशी बॉनेट चमकवायचं म्हणून त्यांनी तार साडेचारलाच सोडली होती, म्हणजे सकाळी सहाला ते दीड तास मागे उठलं.

"म्हंजी तवाबी..." मामा मामींकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"एसटीतच ध्यानात आलं."

"मग बोलली कावून न्हाईस?"

मामींनी सूप खाली ठेवलं. "बोलले असते तर तार काढायचं सोडलं असतं तुमी. राग लई होता मला. पर मुक्या जनावराला सोडायचा नेम चांगला होता. तेवढा मोडू वाटला न्हाई."

लग्नाच्या दिवशी पहाटे मामांनी तार जोडली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून किती वाजले ते विचारलं. मामींनी भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगितलं, मामांनी काटे लावले, मामी येऊन पुढच्या सीटवर बसल्या. मी मागे. सिरसाळ्यात आम्ही इतक्या लवकर पोचलो की मांडववाला अजून खांब पुरत होता. मामींनी अक्षता मुठीत घट्ट धरून ठेवल्या होत्या.

तेव्हापासून रोज सकाळी तार जोडायची, आत हाक मारायची आणि मामी सांगतील ती वेळ लावायची, असा नवा नेम आहे. क्वार्ट्झ सेकंदाची चूक करत नाही; फक्त त्याला रोज मामी लागतात.

परवा गेलो तेव्हा मामी बहिणीकडे सिरसाळ्याला गेल्या होत्या, आठ दिवस झाले होते. मोटार ताडपत्रीखाली, तार सुटलेली; ताडपत्री वर करून बघितलं तर घड्याळात सहा. दुपार टळून गेली होती. मी माझ्या मनगटाकडे बघून म्हटलं, मामा, सांगू का वेळ, लावून टाका.

मामांनी काचेवरची धूळ सोग्याने पुसली. "राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "ती आली की लावू. तवर जायचंय कुठं?"